खिळ्यावरची किल्ली

युसेबियो कांतूने गेटच्या खांबामागे हात घातला, खिळा चाचपला, आणि हात तिथेच ठेवून तो उभा राहिला.

"किल्ली नाही," तो म्हणाला.

गाडीतल्या सहा म्हाताऱ्यांपैकी पाच जणांनी लगेच आपापले खिसे तपासले. सहावा ऑर्लिन बाके, गाडी चालवणारा. त्याने गाडीची किल्ली तपासली. ती जागेवर होती, त्यामुळे त्याच्यापुरता प्रश्न मिटला.

बाकीच्यांचा मिटला नव्हता. सगळे आत अडकले होते आणि गेट आठ फूट उंच होतं. कुंपणही आठ फूट, सगळ्या रानाभोवती, कारण आत मालकाची शिकारीची हरणं होती. जिथे हरणाला उडी जमत नाही तिथे सरासरी चौऱ्याहत्तर वयाच्या मंडळींनी काय करावं? गेटला मनगटाएवढी साखळी, साखळीला कुलूप. फोनला रेंज नाही. शनिवार, दुपारचे बारा.

"घाबरू नका," हार्लन डीट्झ म्हणाला. तो या पक्षी बघायच्या सहलीचा म्होरक्या. त्याच्या जाकिटाला बावीस खिसे होते आणि ते सगळे तपासून व्हायचे होते. "मालकाकडे दुसरी किल्ली असेलच."

"आहे," युसेबियो म्हणाला. "पाच वाजता येणार आहेत ते. पाहुण्यांना घेऊन."

"मग झालं तर! पाचपर्यंत पक्षी बघू."

युसेबियो गाडीच्या पुढच्या पत्र्यावर टेकला. अंगात तीन जाकिटं असूनही तो कुडकुडत होता. काल उत्तरेचं वारं सुटलं होतं आणि तोंडातून वाफ निघत होती. मिनेसोटाहून आलेल्या ऑर्लिनला मात्र कोणीतरी फ्रीज उघडा टाकून गेलंय, एवढंच वाटत होतं.

"तुमचं बरंय, साहेब," युसेबियो म्हणाला. "मागच्या वर्षी माझ्या हातून एक किल्ली हरवली. मालक म्हणाले, पुढची हरवलीस की सामान बांधायचं. एकतीस वर्षं झाली मला इथे. घर त्यांचं, विहीर त्यांची, बायकोने लावलेली झाडंसुद्धा त्यांच्याच जमिनीत. माझं म्हणाल तर एक कोंबडी आहे."

सगळ्यांनी नुसत्या माना हलवल्या. कोंबडीवर काय बोलणार?

तेवढ्यात डेल्मा टोलेफसन गाडीतून उतरली. गुडघ्यांमुळे उतरायला तिला दोन मिनिटं लागत, आणि त्या दोन मिनिटांत ती सगळ्यांचे चेहरे बघून घेई. डलूथ शहरात चाळीस वर्षं तिने खाजगी तपासनीस म्हणून काम केलं होतं. पाठ मोडली म्हणून भरपाई मागणारे लोक लग्नात नाचताना पकडणं, हा तिचा मुख्य धंदा. निवृत्तीनंतर दर हिवाळ्यात ती इथे, दक्षिण टेक्ससच्या ट्रेलर-घरांच्या वसाहतीत, ऑर्लिनच्या शेजारी उतरायची.

"किल्ली शेवटची कधी पाहिलीस?"

"सकाळी सातला, सेन्योरा. तुमची गाडी आत घेतली, कुलूप लावलं, किल्ली खिळ्याला अडकवली. तुमच्या सगळ्यांच्या देखत. मालकाचा नियमच आहे, किल्ली खांबावरच राहायची."

"देखत कसलं?" ऑर्लिन म्हणाला. "धुकं एवढं होतं की मला माझ्या गाडीचं नाक दिसत नव्हतं. तू कंदील हलवलास म्हणून गेट कळलं."

"खाली पडली असेल," म्हणत युसेबियो खांबाच्या बुडाशी वाकला. तिथे पावसाच्या पाण्यासाठी रस्त्याखालून सिमेंटचा पाइप काढलेला होता. त्याने पाइपात हात घातला मात्र, आतून सर्रर्र असा कोरडा आवाज आला. युसेबियो तीन जाकिटांसकट मागे उडाला.

"खुळखुळ्या!" तो ओरडला. "आत साप आहे!"

मंडळी गाडीत जाऊन बसली. एरवी चढायला त्यांना सहा मिनिटं लागत. या वेळी बारा सेकंदं लागली, तीही मंडळींतली आर्डिस दारात अडकली म्हणून.

"बाई," काचेतून युसेबियो हळूच म्हणाला, "तुम्ही शोधून काढा. पाचच्या आत."

"काढते," डेल्मा म्हणाली. "ऑर्लिन, गाडी फिरव."

*

गेटपासून दहा मिनिटांच्या चालीवर, काटेरी झाडीत तळ्याकाठी लाकडाचं एक लांबट खोपट होतं. त्याला सगळे लपण म्हणत. फटींतून बाहेर बघायचं, बाहेर ठेवलेल्या संत्र्याच्या फोडींवर पक्षी येतात. सकाळी ते मजेचं वाटलं होतं. आता पक्षी बाहेर मोकळे होते आणि फटींमागे सहा जण कोंबलेले होते. एक हिरवा, निळ्या डोक्याचा भांडखोर पक्षी फटीपाशी येऊन आत डोकावला. ऑर्लिनला वाटलं, आता हा आपली नोंद करणार.

लपणापासून गेटकडे जाणाऱ्या रस्त्यावर, बरोबर अर्ध्या वाटेत, संडासाची पत्र्याची खोली होती. साडेदहाला धुकं उठलं. त्यानंतर बारापर्यंत प्रत्येक जण तिकडे एकेकदा जाऊन आला होता. म्हणजे प्रत्येकाला गेट गाठता आलं असतं.

"आधी यादी," हार्लन म्हणाला.

"आत्ता?" ऑर्लिनने विचारलं.

"यादी ती यादी."

हिवाळी पाहुण्यांचा हा रिवाज होता. सहलीच्या शेवटी म्होरक्याने नावं वाचायची आणि ज्याला तो पक्षी दिसला त्याने मोठ्याने 'आहे' म्हणायचं. न दिसलेला सांगणं पाप, आणि दिसलेला लपवणंही तितकंच पाप. तपासायला कोणी नसतं, म्हणून तर खोटं चालत नाही.

"मोठा खंड्या?"

"आहे." "आहे." "आहे."

"केशरी हळद्या?"

"आहे." "आहे."

"वेंडेल, तुला?"

"नाही," वेंडेल प्रस्की म्हणाला. हा नेब्रास्काचा निवृत्त पोस्टमन. वय एकोणऐंशी, हातात काठी. शेजारी त्याची बायको लोइस लोकर विणत बसली होती. "मला फक्त शेपटी दिसली."

"अरे, पण शेपटी हळद्याचीच होती ना!"

"होती. पण मी हळद्या पाहिला नाही, शेपटी पाहिली. यादीत शेपटीचा रकाना आहे का?"

नव्हता.

"चिमणी?"

"आहे," ऑर्लिन म्हणाला. तीन हिवाळ्यांत त्याने चिमणीशिवाय दुसऱ्या कशालाही 'आहे' म्हटलं नव्हतं. काही चिमण्या त्याला बगळ्याएवढ्याही दिसल्या होत्या.

"बिळातला पिंगळा?" हार्लनने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता पान उलटायला घेतलं.

वेंडेलने घसा खाकरला. काठी या हातातून त्या हातात घेतली. "आहे," तो म्हणाला. "एक."

"पिंगळा? कुठे?"

"वाटेत."

"सकाळी येताना?"

"येता-जाता."

"बघा! मी म्होरक्या, आणि मला नाही! मोकळं रान सोडून दुसरीकडे बसतच नाही लेकाचा."

"तुझ्या समोर बसला असता तरी तू त्याला दगड म्हणाला असतास," आर्डिस म्हणाली. "मघाशी माझ्या ससाण्याला प्लॅस्टिकची पिशवी म्हणालास तसाच."

"ती पिशवीच होती, आर्डिस. तिला कान होते."

"ते पंख होते!"

हे भांडण वीस मिनिटं चाललं. लोइसचा एक टाका सुटला. तिने तो उचलला नाही.

*

यादी झाल्यावर डेल्मा मागच्या कोपऱ्यात दाण्यांच्या पोत्यावर बसली आणि एकेकाला बोलावू लागली. ऑर्लिन बाजूच्या पोत्यावर बसला. त्याचं काम ऐकायचं होतं. त्याला ते झोपेतही जमे.

पहिला हार्लन. त्याचे बावीस खिसे रिकामे करायला चाळीस मिनिटं गेली. त्यात सात पेनं निघाली, तीन चष्मे, कर्णयंत्राच्या बॅटऱ्या आणि एक उकडलेलं अंडं. ते कोणत्या सहलीचं होतं, हे कोणालाच विचारावंसं वाटलं नाही. किल्ली नव्हती.

"तुझ्या आयुष्यभराच्या यादीत किती झाले, हार्लन?"

"सहाशे नव्याण्णव," तो पडेल आवाजात म्हणाला. "सातशेवा इथेच आहे. एक रातवा, नदीपलीकडून चुकून आलेला. सूर्य बुडाला की गेटपाशी ओरडतो म्हणतात. पण आपली परवानगी बारापर्यंतच."

"म्हणजे संध्याकाळपर्यंत अडकून पडलो तर तुझं भलंच."

हार्लनचा चेहरा पडला. "हे मला सुचायला हवं होतं," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात खराखुरा पश्चात्ताप होता.

मग आर्डिस आली. तीन वर्षं ती म्होरकेपणासाठी हार्लनविरुद्ध उभी राहत होती आणि तीन वर्षं पडत होती.

"मी? मी किल्ली घेतली असती तर हार्लनच्या खिशात टाकली असती," ती म्हणाली. "अंड्याशेजारी. आणि तू मला विचारत बसण्यापेक्षा त्या वेंडेलकडे बघ. चेहरा पांढराफटक पडलाय त्याचा. परत आल्यापासून दोनदा एकटाच गेटकडे निघाला होता. मी धरून आणला, बसवला, अंगावर पांघरूण टाकलं. म्हणाला, जरा पाय मोकळे करतो. या वयात, या थंडीत! आता मी त्याच्या पांघरुणाच्या टोकावरच बसणार आहे."

आणि ती खरंच जाऊन बसली.

वेंडेलला उठता येईना, म्हणून डेल्माच त्याच्यापाशी गेली. उत्तरं लोइसनेच दिली.

"आमचा आज इथला शेवटचा दिवस. आमचा मुलगा हेन्री तीनला ट्रक घेऊन वसाहतीत येतोय. त्याने वृद्धाश्रमात खोली बघितलीय, ओमाहाला. छान आहे म्हणे. सोमवारी दुपारी बारापर्यंत पोहोचलो नाही तर ती दुसऱ्याला देतील. दोन दिवसांचा रस्ता आहे."

"तुला आवडली का खोली, वेंडेल?"

"खिडकी आहे," वेंडेल म्हणाला.

ऑर्लिनच्या घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं झाली होती.

"संडासला कोण कधी गेलं ते विचार ना," ऑर्लिन कुजबुजला. "वेळा जुळव. तपासात तसं करतात."

"या वयाची माणसं किती वेळ लावतील याचा हिशेब देवालाही लागायचा नाही," डेल्मा म्हणाली आणि युसेबियोकडे वळली. तो दाराशी उभा होता. त्याने सगळ्यांना पानात उकडलेले मक्याचे टमाले वाटले होते, स्वतः एकही खाल्ला नव्हता. "युसेबियो, हे सगळं रान असंच काटेरी आहे?"

"सगळं, सेन्योरा. गेटपाशी तेवढा मोकळा पट्टा आहे, गवत कापून ठेवतो मी. बाकी ससासुद्धा अंग चोरून जातो." त्याने उसासा टाकला. "आजचा दिवसच सापांचा. सकाळी कॉफीसाठी लाकडं काढायला गेलो, तर ढिगात एक खुळखुळ्या. थंडीने काठीसारखा ताठ. फावड्यावर घालून नेऊन टाकला तरी शेपूट हलवेना. आणि आता तो पाइपातला."

डेल्माने टमाल्याचं उरलेलं पान दुमडून खिशात ठेवलं.

"ऑर्लिन, गाडी काढ. सगळ्यांना घे."

"किल्ली सापडली?"

"मगाशीच. आपण सगळे तिच्या शेजारी उभे होतो."

*

सव्वाचारला मंडळी पुन्हा गेटसमोर होती. बाहेर रस्ता सरळ क्षितिजापर्यंत गेला होता आणि गजांतून तो फार छान दिसत होता. डेल्मा उपड्या बादलीवर बसली.

"चाळीस वर्षं मी खोटारड्यांच्या मागे फिरले," ती म्हणाली. "एक गोष्ट शिकले. माणूस जिथे खोटं बोलतो तिथे बघायचं नाही, वेळ जातो. जिथे त्याला खोटं बोलताच येत नाही तिथे बघायचं. आज तुम्ही सगळे कशाबद्दल खोटं बोलणार नाही हे मला माहीत होतं."

"कशाबद्दल?" ऑर्लिनने विचारलं.

"यादीबद्दल. बिळातला पिंगळा मोकळ्या रानातच बसतो, हे हार्लन म्हणाला. या सगळ्या रानात मोकळी जागा एवढीच आहे, हे युसेबियो म्हणाला. सकाळी सातला आपण इथून आत आलो तेव्हा ऑर्लिनला स्वतःच्या गाडीचं नाक दिसत नव्हतं. बाराला परत आलो तेव्हा सहा दुर्बिणी होत्या, आणि कोणालाही काही दिसलं नाही. मग आज ज्याने इथे पिंगळा पाहिला, तो कधी आला असेल?"

"धुकं उठल्यावर," आर्डिस म्हणाली. "बाराच्या आधी." आणि मग तिने हळूच तोंडावर हात ठेवला.

"एकटा आला. आणि संडास ओलांडून पुढे आला."

कोणीही वेंडेलकडे बघितलं नाही. सहा जणांनी एकाच वेळी न बघणं फार ठळक दिसतं.

"पण किल्ली कुठाय?" युसेबियोने विचारलं.

"तुझ्या सापाजवळ. युसेबियो, सकाळी लाकडांतला साप फावड्यावर घातलास तरी शेपूट हलवत नव्हता. मग त्याच थंडीत, सिमेंटच्या पाइपात बसलेला साप खुळखुळा कशाच्या जोरावर वाजवेल?"

हार्लनचं तोंड उघडं पडलं. "पिंगळा!" तो म्हणाला. "बिळात कोंडला गेला की तो सापाचा आवाज काढतो! शत्रूने हात घालू नये म्हणून! हे तर मी दरवर्षी भाषणात सांगतो!"

"तुझ्या भाषणात आम्ही झोपतो," आर्डिस म्हणाली.

वेंडेलने काठी रोवली आणि तो पुढे आला.

"किल्ली पाइपात ढकलायला वाकलो," तो म्हणाला, "तर घरमालक दारातच उभा. एवढासा. लांब पायांचा. माझ्याकडे असा बघत होता, जसा मी बावीस वर्षं टपाल उशिरा देत होतो. मग तो आत पळाला. मी काठीने किल्ली त्याच्या मागून ढकलली. शनिवारी संध्याकाळी रानाचा मालक येतोच, तो आपल्याला सोडणार, रात्रीचा प्रवास हेन्री करत नाही, सोमवार हुकणार. एवढाच विचार केला होता. युसेबियो, तुझ्या नोकरीचं मला ठाऊक नव्हतं. बाराला कळलं. त्यानंतर दोनदा काढायला निघालो, तर आर्डिसने मला पांघरुणात गुंडाळलं."

"आणि यादीत गप्प बसला असतास तर?" ऑर्लिनने विचारलं. "कोणाला कळलं असतं?"

वेंडेलने त्याच्याकडे नवलाने बघितलं. "पण मला तो दिसला होता," तो म्हणाला.

मग हार्लनने तोंड उघडलं. "पाइपात हात घालता येणार नाही. बिळात बसलेल्या पक्ष्याला त्रास द्यायचा नाही, हा आपला पहिला नियम. तो आपणहून बाहेर येईल. सूर्यास्ताला."

"आणि मालक?" डेल्मा म्हणाली.

"नियम तो नियम."

"मतदान घेऊ," आर्डिस म्हणाली. "विरोधात मी. कारण हार्लन बाजूने आहे."

मतदान तीन-तीन झालं. युसेबियोला मत नव्हतं, त्याला फक्त घर होतं. क्षितिजावर धुळीचा एक ठिपका दिसू लागला.

वेंडेलने काठी लोइसच्या हातात दिली. मग तो गुडघ्यांवर बसला, मग कोपरांवर, मग थंड मातीत पूर्ण आडवा झाला आणि खांद्यापर्यंत हात पाइपात घातला. आतून सर्रर्र झालं. सगळे चार पावलं मागे सरले, साप नाही हे पक्कं ठाऊक असूनही.

"माफ कर रे," वेंडेल पाइपाला म्हणाला. "ज्याचं घर जातंय तो बाहेर उभा आहे. तुझं कोणी घेत नाहीये."

त्याने हात बाहेर काढला. बोटाला चोच लागून रक्त आलं होतं. मुठीत किल्ली होती. ती त्याने उठायच्याही आधी युसेबियोला दिली.

युसेबियोने किल्लीकडे बघितलं, वेंडेलकडे बघितलं. एक मोठी शिवी त्याच्या ओठांपर्यंत येऊन गेली, हे ऑर्लिनलाही दिसलं. मग त्याने म्हाताऱ्याला काखेत हात घालून उभं केलं, किल्ली खिळ्याला अडकवली आणि तीनदा चाचपून पाहिली.

लोइस नवऱ्याच्या कोटावरची माती झटकत होती, जरा जोरातच.

"खिडकी कुठे उघडते त्या खोलीची?" तिने विचारलं. "तू बघितलीस ना फोटोत?"

"पार्किंगकडे."

"मग हो कशाला म्हणालास?"

"तू म्हणालीस म्हणून."

"मी तू म्हणालास म्हणून म्हणाले! पक्षी कोणते असतात पार्किंगला?"

"चिमण्या," ऑर्लिन म्हणाला. त्याला वाटलं, आपण मदत करतोय.

पाचला पाच मिनिटं कमी असताना मालकाचा ट्रक गेटला लागला. युसेबियोने खिळ्यावरून किल्ली काढून, जणू दिवसभर दुसरं काहीच केलं नव्हतं अशा थाटात, कुलूप उघडलं. मालकाने काच खाली केली. "ही मंडळी अजून इथेच? परवानगी बारापर्यंत होती."

"आम्हाला रातवा बघायचाय," लोइस म्हणाली. अकरा हिवाळ्यांत तिने स्वतः होऊन पक्ष्याचं नाव घेतल्याचं कोणी ऐकलं नव्हतं. "सूर्य बुडेपर्यंत थांबतो. गेट उघडंच राहू दे. हरकत आहे?"

मालकाने सहा म्हाताऱ्यांकडे बघितलं. त्यातल्या एकाच्या बोटाला रक्त होतं आणि एकाच्या हातात उकडलेलं अंडं. त्याने काच वर केली.

गेट सताड उघडं होतं. कोणीच बाहेर गेलं नाही. पाइपाच्या तोंडाशी लांब पायांचा एवढासा पिंगळा येऊन उभा राहिला, सगळ्यांकडे एकदा रागाने बघून पुन्हा आत गेला. हार्लनने वही काढली.

"पिंगळा?"

"आहे," सगळे म्हणाले. ऑर्लिनसुद्धा.

वेंडेल अस्वस्थ झाला. "हेन्री तीनपासून वाट बघत असेल," तो बायकोला म्हणाला. "काय सांगायचं त्याला?"

"गेटला कुलूप होतं आणि किल्ली सापडत नव्हती, म्हणून सांगू. आणि सोमवारपर्यंत कुठे जायचं नाही, म्हणूनही सांगू."

"पण किल्ली तर सापडली. हे खोटं—"

लोइसने सुटलेला टाका उचलला. "ते काय यादीत लिहायचंय?" ती म्हणाली.